सूर्याची उकळी शोधणारी माझी जाऊ

परवा शाळेत नव्यानं रुजू झालेल्या मराठीच्या बाई डबा खाता खाता मला म्हणाल्या, "तुमच्या घरातलं कुणीतरी सूर्यावर काम करतं ना? मला भूमला कळलं." या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. ढोकीच्या आसपासच्या दहा वस्त्यांवरची पोरं माझ्या हाताखालून गेली. पण नव्या माणसाला माझ्याबद्दल पहिलं कळतं ते हे. मी म्हटलं, "होय, माझी धाकटी जाऊ." आणि मेथीची भाजी त्यांच्याकडं सरकवली. 'जाऊ होती' म्हणायला पाहिजे होतं, पण मग पुढचं सगळं सांगत बसावं लागलं असतं.

वृषालीविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. तिनं माझं काही वाकडं केलं नाही, मीही तिचं केलं नाही. आमचं एकदाही कडाक्याचं भांडण झालं नाही. तरी ती घरात असली की मला माझं सगळं थोडं आखूड वाटायचं.

ती यायच्या आधी घरात शिकलेली सून म्हणजे मी. धाराशिवच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. एम.एस्सी.ला औरंगाबादला नंबर लागला होता, पण त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या म्हणाल्या, "शिक की, कोण नगं म्हणतंय? पण घराकडं कोण बघंल?" विषय तिथंच मिटला. पुढं जवळच बी.एड. केलं आणि शाळेला लागले. वस्तीवरची माणसं बँकेचा कागद, औषधाच्या बाटलीवरची तारीख, पोराचा निकाल, सगळं घेऊन माझ्याकडं यायची. 'मास्तरीणबाईला विचारा' असं म्हणायची. मला ते आवडायचं.

मग माझ्या धाकट्या दिरानं, विक्रमनं, पुण्यात वृषालीशी लग्न ठरवलं. तो तिथं एका कंपनीत इंजिनिअर होता, ती एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. मुलगी मूळची भूमचीच, वडील एसटीत कंडक्टर. आत्याबाईंना वाटलं, बरं झालं, आपल्याकडचीच हाय. लग्नानंतर सगळे सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो. दुपारचं ऊन, देवळाबाहेरच्या फरश्या तापलेल्या, आम्ही सगळे अनवाणी टाचांवर नाचत सावलीकडं पळालो. मागं वळून बघते तर नवी नवरी हिरवा शालू सावरत खाली बसलेली, एक हात उन्हातल्या फरशीवर, दुसरा सावलीतल्या. माझ्या मिस्टरांनी विचारलं, "काय सांडलं का?" ती म्हणाली, "नाही दादा, बघतेय, ऊन गेल्यावर किती वेळ गरम राहते." मिस्टर माझ्याकडं बघून हसले. मी हसले नाही. मला वाटलं, हे मला का सुचलं नाही?

ही तिची सवयच होती. दिसेल त्याला हात लावायचा. संध्याकाळी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला, उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला, पाण्याच्या टाकीला. भाकरीचा तवा उतरवला की त्याच्यावर तळहात धरून उभी राहायची. चटका बसला की "हां" म्हणायची, जसं काही कुणी तिला काहीतरी सांगितलं.

टाळेबंदीत दोघं पुण्याहून इकडं आले, पंधरा दिवसांसाठी म्हणून. विक्रम शेतात रमला. ठिबक, नवीन बेणं, शेळ्यांचा गोठा, असं एकेक करत त्यानं कंपनी सोडूनच दिली. वृषालीची तोवर पीएचडी झाली होती आणि त्याच संस्थेत तिला पुढचं काम मिळालं होतं. तिचं गणित पुण्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं, त्यामुळं तिला कुठंही बसून चालत होतं. तिनं माडीवरची खोली घेतली. रेंज मात्र तिथं यायची नाही. मग लॅपटॉप छातीशी धरून ती बांधावरच्या लिंबाखाली जायची आणि तिथून तासभर इंग्रजीत बोलायची. ऊसतोडीच्या बाया थांबून बघायच्या.

तिचं काम काय होतं ते मला नीट सांगता येतं, कारण मी ते मुद्दाम समजून घेतलं. सूर्याच्या अगदी आतल्या गाभ्यात उष्णता तयार होते. तिथून बाहेर येताना मोठा टप्पा ती प्रकाशाच्या रूपानं झिरपत येते, इतकी सावकाश की तिला लाखभर वर्षंही लागू शकतात. बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात आली की झिरपणं पुरत नाही. तिथला वायू उकळायला लागतो. गरम वायू वर येतो, उष्णता देऊन निवतो आणि परत खाली जातो. ही उकळी छोट्या छोट्या बुडबुड्यांची आहे हे दुर्बिणीतून दिसतं. पण तिच्याखाली, खोलवर, सूर्याच्या त्या सगळ्या जाड थराला ढवळून काढणारे प्रचंड मोठे प्रवाह असले पाहिजेत, असं गणित सांगत होतं. वृषाली ते प्रवाह कॉम्प्युटरवर घडवून बघायची. कसे फिरतात, किती वेगानं, उष्णता कशी वाहून आणतात.

हे सगळं मी आठ-दहा दिवस रात्रीचं मोबाईलवर वाचलं आणि एका रविवारी शेंगा फोडताना तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या संवहनाच्या थराच्या तळाशी प्रवाहांचं काय होतं गं?" माझी अपेक्षा होती, ती चमकून माझ्याकडं बघेल. ती म्हणाली, "अक्का, कसं सांगू, पातेल्यात पाणी उकळतं ना, तसं असतं ते." मी दरवर्षी बीकरमध्ये पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आठवीच्या पोरांना हेच दाखवते. मी "असं का" म्हटलं आणि शेंगा फोडत राहिले. तिच्या मनात काही नव्हतं. तेच तर जास्त लागलं.

ती काही गुणाची पुतळी नव्हती. कुठल्याही डब्याचं झाकण लावायची नाही. दोरीवरचे कपडे दव पडेपर्यंत तसेच. दुधावरची साय बोटानं काढून खायची आणि विचारलं तर साफ नाही म्हणायची. माझ्या माहेरच्या माणसांची नावं तिला शेवटपर्यंत आली नाहीत. माझ्या भावाला ती 'लातूरचे काका' म्हणायची, तो राहायला बार्शीला. पण तिच्या चुकांना घरात माफी होती. मी डाळीत मीठ विसरले तर त्याची चर्चा दोन जेवणं चालायची.

एकदा आत्याबाईंनी तिला आमटी करायला सांगितली. थोड्या वेळानं मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात ती पातेल्यावर वाकलेली, झाकण खाली, गॅस बारीक.

"आगं, काय बघतीस?" आत्याबाईंनी बाहेरून विचारलं.

"उकळी कुठनं फुटती ते बघते."

"उकळी काय, खालनंच फुटती की."

"खालनं, पण मधनं का कडेनं? बघा ना, एकदा मधनं येती, मग जागा बदलती."

आत्याबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत आत आल्या आणि तिच्याशेजारी पातेल्यात बघायला लागल्या. दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती. "व्हय की गं," आत्याबाई म्हणाल्या, "म्या इतक्या आमट्या केल्या, कधी बघितलंच न्हाय." मी दारात चपला काढत होते. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण आत्याबाई माझ्या शेजारी अशा कधी उभ्या राहिल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट गुऱ्हाळाची. आमच्याकडं ऊस कारखान्याला जातो, पण पलीकडच्या मळ्यात एक जण अजून गूळ करतो. वृषालीला कळलं तशी ती वस्तीवरची पोरं गोळा करून तिकडं निघाली. त्यात माझी ऋतुजा, तेव्हा नववीत. काहिलीत रस उकळायला लागला, मळी काढून झाली, पाक घट्ट होत आला, तसे वर फेसाचे गोळे गोळे उठायला लागले. मधून फुगायचे, कडेनं काळसर रेघ, की फुटून दुसरा. वृषालीनं पोरांना सांगितलं म्हणे, की सूर्याचा पृष्ठभाग अगदी असाच दिसतो. मधला उजळ भाग म्हणजे वर येणारा गरम वायू, कडेची काळी रेघ म्हणजे निवून खाली जाणारा. फक्त तिथला एकेक गोळा आपल्या अख्ख्या महाराष्ट्राएवढा, आणि काही मिनिटांत विरून जाणारा.

ऋतुजा घरी आली ती बोलतच आली. हातपाय न धुता ताटावर बसली, भाकरीचा तुकडा हातात तसाच, आणि महाराष्ट्राएवढे बुडबुडे कसे फुटतात ते सांगत राहिली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, तू पण सायन्सच शिकवतीस ना? मग तू आम्हाला तिकडं कधी का नाही नेलं?"

पोरीनं सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "जेव आधी."

पुढच्या आठवड्यात मी माझा आठवीचा वर्ग गुऱ्हाळावर नेला. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, पोरांना रांगेत चालवलं. काहिलीपाशी उभी राहून मी बोलायला तोंड उघडलं तर पुढचाच एक मुलगा म्हणाला, "बाई, सूर्याचं सांगणार ना? वृषाली मॅडमनी सांगितलंय आमाला." सगळ्यांना गरम गूळ खायला मिळाला, त्यामुळं सहल चांगली झाली असं सगळे म्हणाले.

तिचं एक बोलणं होतं. कुणी घाईनं तिला उत्तर सांगायला गेलं की ती हात वर करायची, "थांबा, मला आधी नीट चुकू द्या." पत्त्यांच्या डावात, हिशेबात, चुलीवरच्या भाकरीतसुद्धा. विक्रमला ते फार आवडायचं. मला नाही. चुकायला वेळ आणि जागा लागते, आणि ती तिला कुणीतरी दिलेली असते, असं मला वाटायचं.

मग ती खरोखर चुकली. त्या दिवशी मला सुट्टी होती. विक्रमनं माडीवर इंटरनेटची नवी जोडणी घेतली होती, त्यामुळं तिची मीटिंग खोलीतच चालली होती. मी चहा घेऊन गेले. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एक तिचं; ते मला ओळखू यायचं, केशरी आणि निळ्या मोठाल्या पट्ट्यांचं. आत्याबाईंनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा 'साडीचं डिझाईन हाय का?' असं विचारलं होतं. दुसरं चित्र फिकट, जवळजवळ कोरं. एक गोरा माणूस शांतपणे बोलत होता. वृषालीनं माझ्याकडं बघितलं नाही. कप घेतला आणि खाली ठेवला.

बऱ्याच वेळानं ती खाली आली आणि पायरीवर बसली. आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"काही नाही आत्याबाई. मी म्हणत होते तेवढे मोठे प्रवाह सूर्यात दिसत नाहीत."

"कुणी बघितलं आत जाऊन?"

"आत जाता येत नाही. सूर्य सारखा थरथरत असतो, घंटा वाजल्यावर थरथरते तसा. त्या थरथरीवरून आतलं ओळखतात."

"कलिंगड वाजवून बघत्यात तसं?"

"अगदी तसंच." ती थोडी हसली. "त्या लोकांनी कितीतरी वर्षांची थरथर तपासली. माझ्या गणितात प्रवाह जेवढे जोरात वाहतात, त्याच्या कितीतरी पट सावकाश निघाले. जवळजवळ नाहीतच."

"मंग सूर्य तापतो कसा?"

"तेच तर. उष्णता बाहेर येतीच आहे. ऊन तर पडलंय की समोर. कशी येती ते मला कळलंय असं वाटत होतं. ते नाही कळलेलं."

मी खांबाला टेकून ऐकत होते. मनात कुठंतरी थोडं बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग. पीएचडी, पुणे, इंग्रजी, आणि उत्तर चुकलं. तिनंही ते काही संतासारखं घेतलं नाही. पुढचा आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. ताट तिथंच टाकून उठायची. विक्रमनं शेळ्यांचं काही विचारलं तर त्याच्या अंगावर खेकसली. दोनदा दूध उतू घालवलं. आणि मग एका सकाळी ती केस न विंचरता स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातली कणीक बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, ते काहिलीचं उदाहरण चुकीचं आहे."

"कसं?"

"काहिलीला खालून जाळ आहे. म्हणून आपण समजतो की खालून ढकललं जातं. पण सूर्याचं वरचं तोंड उघडं आहे, थंड आकाशाकडं. तिथं वायू निवतो, जड होतो आणि त्याच्या बारीक बारीक थंड धारा खाली कोसळतात. कदाचित खोल आतपर्यंत. खालून उकळत नसेलच तो. वरून निवतो म्हणून हलत असेल. मोठे प्रवाह लागणारच नाहीत मग." ती बोलत होती आणि तिचे डोळे असे झाले होते की मी हात थांबवले. "कदाचित हां. अजून काहीच कळलेलं नाही."

मी ते उदाहरण नुकतंच माझ्या टिपणात घालून घेतलं होतं. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं ते असं: मी आजवर काय चुकले असेन तर हजेरीपटात, नाहीतर गुणांच्या बेरजेत. ही सूर्याएवढं चुकली, आणि त्यातून उठून आनंदात होती. आदल्या आठवड्यात बरं वाटलं होतं ते कुठल्या कुठं गेलं.

त्याच विषयावर काम करणारा एक गट जर्मनीत होता. वृषालीनं त्यांना लिहिलं, त्यांनी तिला बोलावलं. दोन वर्षांचं काम, पुढं वाढू शकणारं. विक्रम म्हणाला, "तू जा, पण मी हे सोडून येणार नाही." तो चिडला नव्हता. त्याला खरोखर शेत सोडवत नव्हतं. मग घरात बोलणं झालंच. संध्याकाळी व्हरांड्यात सगळे बसलो. माझे मिस्टर घरात थोरले, त्यांनी सुरुवात केली.

"हे बघ वृषाली, तुझी हुशारी आम्हाला मान्य आहे. पण नवरा इथं, तू तिथं. लोक विचारतील ते सोड, पण हा संसार कसा व्हायचा? इथूनच कर की काम. आजवर केलंसच ना?"

"दादा, इथून जेवढं होत होतं तेवढं झालं. त्यांच्याजवळ बसल्याशिवाय पुढचं नाही होणार."

"आणि दोन वर्षांनी?"

"माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

विक्रम जमिनीकडं बघत होता. मग आत्याबाई बोलल्या. आवाज नेहमीचाच, जसं काही उद्याच्या भाजीचं ठरवतायत.

"जाऊ द्या तिला."

"आई, तू काय बोलतीस?" मिस्टर म्हणाले.

"म्या इचार करूनच बोलती. थोरलीला आडीवलं तवा. नंबर लागला हुता तिचा औरंगाबादला. घराकडं कोण बघंल म्हणलं. घर काय, कुणीबी बघितलं असतं. ती काय बोलली न्हाय, पण माझ्या ध्यानात हाय. आता हिला न्हाय आडवायचं."

त्या बोलल्या आणि पदरानं चेहरा पुसला. घाम होता. मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मी उठले आणि कप गोळा करून आत गेले.

मला रडू आलं नाही. राग आला. आणि तो आत्याबाईंचा यायला हवा होता, तर आला वृषालीचा. माझ्यावरून शहाणपण शिकल्या आत्याबाई, आणि त्याचा उपयोग झाला तिला. मी नळ सोडला आणि कप घासत बसले, घासलेले पुन्हा घासले. थोड्या वेळानं आत्याबाई दारात आल्या.

"तुला अजून शिकायचं आसंल तर सांग," त्या म्हणाल्या. "म्या पोरीकडं बघीन."

"पोरगी आता कॉलेजला जाईल, आत्याबाई."

"व्हय की," त्या म्हणाल्या. जराशा उभ्या राहिल्या. मग त्यांनी टोपलीतलं फडकं घेतलं आणि मी धुतलेले कप पुसायला लागल्या. मी त्यांना कधी कप पुसताना बघितलं नव्हतं.

वृषालीला यातलं काही कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ती मागून आत आली आणि विचारलं, "अक्का, माझा निळा स्वेटर तुमच्या कपाटात आहे का हो?" होता. काढून दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांची चार झाली. सुरुवातीला ती दिवाळीला येते म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. विक्रम एकदा तिकडं जाऊन आला. थंडीनं त्याचे ओठ फुटले होते आणि तो आल्या आल्या गोठ्यात गेला. दोघांनी फोनवरच ठरवलं, भांडण न करता, आणि वकिलाच्या कागदांवर सह्या टपालानं झाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी चांगली हुती." बास, तेवढंच. आता विक्रमसाठी स्थळं बघणं चालू आहे. ऋतुजा पुण्यात फिजिक्स घेऊन शिकते. तिला काही अडलं की ती काकूला फोन करते, अजून काकूच म्हणते. मला रविवारी फोन करते आणि जेवण काय केलं ते विचारते. एकदा मी तिच्याकडून काढून घेतलं, "काय म्हणते काकू, सापडलं का सूर्यातलं?" ऋतुजा म्हणाली, "नाही अजून. थंड धारा खरंच तेवढ्या खोल जातात का, कुणालाच नक्की माहीत नाही. पण ती जाम खूश असते गं." हे शेवटचं वाक्य तिनं न सांगता चाललं असतं.

मी वृषालीला शेवटचं बघितलं ते ती जर्मनीला निघाली त्या दिवशी. घरचे सगळे तिला पोचवायला मुंबईपर्यंत निघाले होते, दोन गाड्या करून. मी रजा घेतली नाही. घटक चाचणी जवळ आलीय, असं सांगितलं. ती सकाळी माझ्या पाया पडली, मी डब्यात शेंगाची चटणी दिली आणि शाळेत आले.

तिसऱ्या तासाला सातवीचा वर्ग होता. मी कांदा शिकवत होते. कांदा मूळ नाही, जमिनीखालचं खोड आहे, आणि ह्या पाकळ्या म्हणजे अन्न साठवलेली पानं. हातात उभा कापलेला कांदा होता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि वृषाली दारात दिसली. जीन्स, तो निळा स्वेटर कमरेला बांधलेला. मला वाटलं, काहीतरी विसरलंय. पण तिनं मला हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली, पाय न वाजवता मागं गेली आणि शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये दाटीवाटीनं बसली.

मी पुढं शिकवायला लागले. आवाज आधी थोडा कापला, मग लागला. काय झालं कळत नाही, पण त्या दिवशी मी फार चांगलं शिकवलं. फळ्यावर आकृती एका झटक्यात जमली. पोरं कधी नव्हे ती गप्प होती. मी बियाण्याच्या कांद्याचं सांगितलं, आमच्या बांधावर कसे लावतो ते सांगितलं, पुस्तकात नसलेलंही सांगितलं. मागच्या बाकावरून हात वर आला.

"बाई, तो मधला हिरवा कोंब आहे ना. कांदा परत लावला तर त्याला पानं येतील का फुलं?"

ती मला परीक्षा म्हणून विचारत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. कंडक्टरच्या घरात वाढलेली, शेतात राहिली ती माडीवर.

"आधी पानं," मी म्हटलं. "मग थंडीचे दिवस आले की मधून फुलाचा दांडा येतो. थंडी लागल्याशिवाय येत नाही."

"थंडी का लागते त्याला?"

"ते मला माहीत नाही."

तिनं मान डोलावली. चेहऱ्यावर असा आनंद होता जसं काही मी तिला मोठं काहीतरी हातात दिलं. बाहेर विक्रमनं हॉर्न वाजवला. ती उठली, बाकातून वाट काढत पुढं आली आणि दाराशी थांबली, वर्गातून जाताना पोरं थांबतात तशी.

"बाई, जाऊ?"

वर्गापुढं मी दुसरं काय म्हणणार होते?

"जा," मी म्हटलं.

ती गेली. ती पायऱ्या उतरून गाडीत बसेपर्यंत वर्गातलं एकही तोंड माझ्याकडं नव्हतं. मी हातात कांदा धरून, सगळ्यांसारखी, तिच्याकडंच बघत होते.